केबल काढायची का? आधी रिमोट कोणाच्या हातात असतो ते बघा

(या भागात जे बोलले ते इथे जवळजवळ तसंच उतरवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.)

कोणी बसमध्ये असाल, कोणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आज विषय एकदम घरगुती आहे. केबल ठेवायची की काढायची?

हा वाद सध्या बऱ्याच घरांत चाललाय आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्यानं होते. "आता केबल कोण बघतं? सगळं फोनवर दिसतं की!" हे वाक्य म्हणणारी व्यक्ती कोण असते? आपणच. अठरा ते तीसमधले. ज्यांचा स्वतःचा फोन आहे, स्वतःचा डेटा आहे आणि ज्यांना टीव्हीच्या रिमोटसाठी भांडून आता बरीच वर्षं झालीत.

आमच्या घरी पण हेच झालं. आम्ही नाशिकला राहतो. घरात आजी, आई, बाबा, दादा आणि मी. बाबा सातपूरला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. यंदा घरात फायबरचं इंटरनेट घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दादा म्हणाला, "दोन-दोन बिलं कशाला भरायची? केबल काढून टाकू." बाबा म्हणाले, "हिशेब दाखवा, मग बोलू." आणि हिशेब आला माझ्याकडे, कारण घरात एक्सेल मला येतं.

तर तो हिशेब, त्यानंतर आम्ही केलेले दोन प्रयोग, आणि शेवटी काय ठरलं, ते सगळं सांगते. तुमच्या घरी हा वाद सुरू असेल तर कामाला येईल.

आधी बिल वाचूया

केबलचं बिल आपण भरतो, पण वाचत नाही. तर ते बनतं कसं ते बघा.

पूर्वी सोपं होतं. केबलवाला महिन्याला येणार, ठरलेले पैसे घेणार, वायरीतून जे येईल ते सगळं दिसणार. मग आला सेट टॉप बॉक्स. मुंबईत २०१२ च्या शेवटी, आणि नाशिक, पुणे, नागपूर, सोलापूर अशा शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख होती. बॉक्स आल्यावर कोणत्या घरात कोणती वाहिनी सुरू ठेवायची हे वेगवेगळं ठरवता यायला लागलं. आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायची नवी पद्धत आली. म्हणजे काय, तर ज्या वाहिन्या पाहायच्यात त्या तुम्ही निवडायच्या आणि त्यांचेच पैसे द्यायचे.

बिलात दोन भाग असतात. पहिला नेटवर्कचा आकार, म्हणजे वायर घरापर्यंत आणून ठेवल्याचं भाडं समजा. त्याला १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता हा आकडा ऑपरेटर ठरवतो. तुमच्याकडे कमीजास्त असू शकतो. आमच्याकडे अजून १३० च आहे. दुसरा भाग म्हणजे पैसे भरून दिसणाऱ्या वाहिन्या, एकेक घेतलेल्या किंवा पॅकमधून. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

आमचं बिल होतं ४१३ रुपये. १३० नेटवर्कचे, २२० वाहिन्यांचे, झाले ३५०, आणि वर ६३ रुपये जीएसटी. वर्षाला ४,९५६, म्हणजे पाच हजारच धरा. इंटरनेटचं ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ४७१ महिन्याला. ते तर राहणारच होतं, कारण माझं घरून काम असतं.

आता केबल काढली तर आई-आजीच्या मालिका दिसायला दोन ॲप लागणार. आम्ही पाहिलं तेव्हा दोन्हीचं मिळून वर्षाचं दोन हजारांच्या आत बसत होतं. म्हणजे केबल काढून बचत किती? वर्षाला तीन हजार. महिन्याला अडीचशे.

दादा म्हणाला, "झालं की मग!" बाबा म्हणाले, "अजून नाही झालं. बघतं कोण काय, ते लिहा."

आठवडाभराची वही

हा प्रयोग तुम्ही नक्की करा, फुकट आहे. टीव्हीशेजारी एक वही आणि पेन ठेवलं. टीव्ही लावला की लिहायचं. कोणी लावला, कोणती वाहिनी, किती वेळ. आणि पुढे एक रकाना, "खरंच बघत होतो का?" आठ दिवस.

आमच्या बॉक्सवर दोनशेच्या वर वाहिन्या होत्या. आठ दिवसांत लागल्या नऊ. त्यातल्या तीन बातम्यांच्या, आणि त्या फ्री-टू-एअर, म्हणजे त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. एक सह्याद्री, ती दूरदर्शनची. दोन खेळाच्या, त्या दादाच्या, पण तो निम्मी मॅच फोनवरच बघत होता. एक हिंदी सिनेमाची, त्यावर कोणीच "खरंच बघत होतो" असं लिहिलं नव्हतं, रविवारी नुसती चालू होती. आणि राहिल्या दोन मराठी मालिकांच्या.

माझ्या नावावर आठ दिवसांत एकूण चाळीस मिनिटं. दादाच्या नावावर तीन तास. बाबांचे जेवतानाच्या बातम्या धरून पाचेक तास. आईचे आठ-नऊ. आणि आजीचे? एकतीस तास.

वही समोर ठेवल्यावर एक गोष्ट आम्हाला सगळ्यांना एकदम दिसली. केबल काढायची चर्चा करत होतो आम्ही तिघं, मी, दादा आणि बाबा. आणि केबल बघत होती आजी. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती.

आजी आणि दोन नंबर

आजीबद्दल थोडं सांगते. वय अठ्ठ्याहत्तर. मराठी वाचते, पोथी वाचते, पण बारीक अक्षर आता दिसत नाही. तिच्याकडे फोन आहे, बटणांचा. रिमोटच्या पाठीमागे पांढरी पट्टी चिकटवलीय आणि त्यावर आईनं मोठ्या अक्षरात तीन आकडे लिहिलेत. दोन मालिकांच्या वाहिन्यांचे, एक सह्याद्रीचा. संपला विषय. लाल बटण, तीन आकडे, मालिका सुरू.

तिच्या पिढीनं टीव्ही घरात येताना पाहिलाय. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आजी तेव्हा मुंबईला चाळीत होती, आणि मजल्यावर एकाच घरी टीव्ही. तिथे जाऊन बसायचं तर आधी त्या घरच्या बाईंचा मूड बघायला लागायचा, असं ती सांगते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं टीव्ही लावता येणं ही तिच्यासाठी कमावलेली गोष्ट आहे.

हे मला दुसऱ्या प्रयोगात कळलं.

एक महिना केबलशिवाय

आम्ही केबल काढली नाही. केबलवाले काका आले तेव्हा विचारलं, "काका, महिनाभर बंद ठेवता येईल का?" ते म्हणाले, "येईल की. बॉक्स राहू दे, परत सुरू करायचं असेल तेव्हा फोन कर." सेवा तात्पुरती थांबवायची सोय नियमातच आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. त्यामुळे कायमचं काढायच्या आधी एक महिना बंद ठेवून बघा, हे माझं पहिलं सांगणं.

महिन्यात काय झालं? चांगलं आधी सांगते.

जेवताना बातम्यांमधली भांडणं बंद झाली. घर चक्क शांत वाटायला लागलं. आणि आई खूश! ती संध्याकाळी स्वयंपाकात असते, तिची मालिका कायम निम्मी बुडायची. आता रात्री सगळं आवरून साडेनऊला ती निवांत बघायची. म्हणाली, "थांबवता येतं हे बरंय गं. कुकरच्या शिट्टीत काही बुडत नाही."

आता आजी. दादानं टीव्हीवर तिच्या नावाचं प्रोफाइल करून दिलं. फोटो म्हणून गणपती लावला. मी शेजारी बसून मोजलं. टीव्ही सुरू करा, ॲपवर जा, प्रोफाइल निवडा, खाली या, मालिका शोधा, आजचा भाग निवडा, जाहिरात आली तर थांबा. सात-आठ वेळा बटण, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचं वाचायचं. चुकून एखादं बटण दाबलं गेलं की भलतंच काहीतरी सुरू.

मग आवाजानं शोधायचं शिकवलं. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून बोल म्हटलं. तिनं रिमोट तोंडाशी धरला आणि अगदी आदरानं म्हणाली, "अहो, जरा ते काल राहिलेलं लावा." टीव्हीनं कालवणाच्या रेसिपी दाखवल्या. आम्ही हसलो, तीही हसली.

पण मग एक संध्याकाळ आली. मी ऑफिसला गेलेले, दादा जिमला, बाबांची दुसरी शिफ्ट, आई भाजीला. ॲप आपोआप लॉगआउट झालं. परत लॉगइन करायला ओटीपी लागतो, आणि तो जातो बाबांच्या फोनवर. बाबांचा फोन शिफ्टमध्ये लॉकरला. मी आठ वाजता घरी आले तर टीव्ही बंद आणि आजी खिडकीशी बसलेली. मी म्हटलं, "आजी, मालिका?" ती म्हणाली, "काही नाही गं, राहू दे. उद्या दाखव."

त्यानंतर ते "राहू दे" वाढत गेलं. दादा फोनवर बोलत असला की राहू दे. मी लॅपटॉपवर असले की राहू दे. तिनं तक्रार एकदाही केली नाही. फक्त मागणं कमी केलं. महिना संपता संपता ती संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायला लागली. काकूंकडे केबल आहे. गप्पा होतात, चहा होतो, ते छानच. पण पन्नासेक वर्षांपूर्वीचं नाही, आत्ताचं सांगतेय मी. स्वतःच्या घरात चांगला मोठा टीव्ही असताना ती परत दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या सोयीनं बघायला लागली होती.

आणि आम्ही बाकीचे? आमचा स्क्रीनवरचा वेळ काही कमी झाला नाही बरं का. तो आपापल्या खोलीत गेला, एवढंच. आधी रात्री तासभर सगळे हॉलमध्ये असायचो, मालिकेला नावं ठेवायला का होईना.

मग काय ठरलं?

महिना संपल्यावर सगळे बसलो, या वेळी आजीसकट. बाबांनी सरळ विचारलं, "आई, तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "मला सगळं नको रे. माझे तेवढे नंबर ठेवा. मला कोणाला सांगायला लागू नये, एवढंच."

मी परत एक्सेल उघडलं. नेटवर्कचे १३० रुपये. दूरदर्शनच्या आणि फ्री-टू-एअर वाहिन्या त्यातच येतात. वर फक्त मालिकांच्या दोन वाहिन्यांसाठी लागणारं जेवढं कमीत कमी, ते आमच्याकडे बसलं ६० रुपयांना. झाले १९०, जीएसटी धरून २२४. खेळाचा पॅक गेला, सिनेमांचा गेला, इंग्लिशचा गेला. दादाला मॅच त्याच्या मोबाइल रिचार्जसोबत दिसते.

आता बघा गंमत. ४१३ चे झाले २२४. महिन्याला १८९ वाचले, वर्षाला २,२६८. केबल पूर्ण काढून ॲप घेतले असते तर वाचले असते साधारण तीन हजार. फरक किती? वर्षाला सातशे-साडेसातशे. म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट रुपये. आजीला कोणाची वाट न बघता टीव्ही लावता यावा याची किंमत आमच्या घरात महिन्याला साठ रुपये निघाली. दादानं आकडा बघितला आणि म्हणाला, "सुरू कर केबल."

आईचं काय? तिला थांबवून बघायची सवय लागलीय. तिच्यासाठी एका ॲपचा विचार चाललाय, दिवाळीत ऑफर बघून घेऊ म्हणतोय. तेवढी बचत कमी होईल, होऊ दे.

तुमच्या घरी कसं ठरवाल?

आमचं उत्तर तुमचं असेलच असं नाही. म्हणून थोडक्यात सांगते.

तुम्ही रूमवर मित्रमैत्रिणींसोबत राहताय, सगळ्यांकडे फोन आहे? बिनधास्त काढा. फक्त एक लक्षात ठेवा, मोबाइल डेटावर टीव्ही चालवायचा विचार असेल तर एचडीत तासाला दोन-तीन जीबी सहज जातात. रोजचे दोन जीबी तासाभरात संपतील. वाय-फाय लागेलच.

घरात क्रिकेट हा मुख्य मुद्दा असेल तर हे माहीत असू द्या. २००७ च्या कायद्यानुसार भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते दूरदर्शननं स्वतःच्या यंत्रणेवरूनच दाखवायचं. म्हणून तोच सामना डीडी फ्री डिशवर दिसतो आणि खासगी केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर दिसत नाही. आयपीएल यात येत नाही.

फ्री डिशचं नाव निघालंच आहे तर, तोही एक पर्याय आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं बिल नाही. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, सिनेमे दिसतात. पण पैसे भरून दिसणाऱ्या वाहिन्या तिथे नसतात, त्यामुळे घरातल्या मालिका कोणत्या वाहिनीवर आहेत ते आधी बघा. आणि सोसायटीत राहत असाल तर गच्चीवर छत्री लावायला आधी विचारा.

घरात लहान मुलं आहेत, दहावी-बारावी आहे, म्हणून केबल काढायची असेल, तर आमच्या महिन्याचा अनुभव आठवा. हॉलमधला टीव्ही बंद झाला की मुलं पुस्तकाकडेच जातील असं नाही, फोनकडेही जातील. त्याचं काय करायचं ते आधी ठरवा.

आणि केबलवाल्या काकांशी नीट बोला. ते शत्रू नाहीत. पावसात वायर तुटली की अर्ध्या तासात शिडी घेऊन येणारा माणूस आहे तो. आता बरेच केबलवाले इंटरनेटही देतात, दोन्ही मिळून काही कमी होतंय का विचारा. पॅकची यादी मागा. "हाच पॅक आहे" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की वाहिन्या सुट्या निवडता येतात, आणि कोणत्या हव्यात ते एका कागदावर लिहून द्या.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वही ठेवा. आठ दिवस ठेवा. ज्याचे तास सगळ्यात जास्त, त्याला निर्णयात सगळ्यात आधी विचारा. बिल कोण भरतं हा प्रश्न नंतर येऊ द्या. कारण आपल्याकडे केबल गेली तरी हातात फोन आहे. घरातल्या ज्या माणसाकडे तो नाही, त्याची संध्याकाळ आपण ठरवतोय.

तुमच्या घरी कोणाचे तास सगळ्यात जास्त निघाले, ते मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवीन. आणि हो, हा भाग तुमच्या दादाला पाठवा. प्रत्येक घरात एक असतोच.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!